कचऱ्याच्या गाडीतून पाणी कशाला वाहायचे?

इंग्लंडमधील बहुतेक स्थानिक स्वराज्य संस्थांवर ३१ मार्च २०२६ पासून एक नवे बंधन आले: प्रत्येक घरातला अन्नाचा कचरा दर आठवड्याला स्वतंत्रपणे उचलायचा. युरोपीय संघातील देशांवर जैविक कचरा वेगळा गोळा करण्याचे, किंवा तो जिथे निर्माण होतो तिथेच जिरवण्याचे, बंधन २०२३ च्या अखेरीपासून आहे. कॅलिफोर्नियाने अशाच स्वरूपाचे नियम जानेवारी २०२२ पासून अमलात आणले. तपशील ठिकाणागणिक बदलतात, परंतु उपनगरातल्या रहिवाशाच्या वाट्याला येणारा अनुभव बराचसा सारखा असतो. दाराशी झाकणाची एक छोटी पेटी येऊन पडते, सोबत रंगीत वेळापत्रक येते, आणि पूर्वी दर आठवड्याला येणारी मोठी गाडी यापुढे पंधरवड्यातून एकदाच येणार असल्याचे अनेक ठिकाणी त्याच पत्रकातून कळते. कर तेवढाच, पेट्या जास्त आणि मोठ्या गाडीच्या फेऱ्या मात्र कमी, हा हिशेब कुणालाही सहजासहजी पटत नाही. तो समजून घ्यायचा तर कचऱ्यातल्या अशा एका घटकाकडे पाहावे लागते, ज्याचा उल्लेख पालिकेच्या पत्रकात क्वचितच असतो. तो घटक म्हणजे पाणी.

## गाडीत नेमके काय भरलेले असते?

जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगभरातल्या शहरी कचऱ्यात अन्न आणि बागेतला पालापाचोळा यांचा वाटा सुमारे ४४ टक्के आहे. श्रीमंत देशांत वेष्टने जास्त असल्यामुळे तो ३२ टक्क्यांच्या आसपास उतरतो. स्वयंपाकघरातून निघणाऱ्या साली, देठ आणि उरलेले अन्न यांच्या वजनात साधारण ७० टक्के किंवा त्याहून अधिक पाणीच असते. म्हणजे श्रीमंत देशातल्या एखाद्या उपनगरातून दहा टन मिश्र कचरा घेऊन निघालेल्या गाडीत, ढोबळमानाने, दोन टनांहून अधिक पाणी असते. जिथे अन्नाचा वाटा जागतिक सरासरीइतका आहे तिथे हाच आकडा तीन टनांपर्यंत जातो.

हे पाणी फुकट वाहिले जात नाही. कचऱ्याची विल्हेवाट लावणाऱ्या केंद्राच्या फाटकाशी वजनकाटा असतो आणि पालिकेला तिथे टनामागे ठरलेली रक्कम भरावी लागते. या रकमेला आपण प्रवेशशुल्क म्हणू. काटा पाणी आणि प्लास्टिक यांत भेद करत नाही. त्यातून उपनगराची रचना खर्चात आणखी भर घालते. दाट वस्तीच्या शहरात एका इमारतीखाली थांबून गाडी शंभर घरांचा कचरा भरते. उपनगरात घरे सुटी, अंगणे मोठी आणि रस्ते लांब असल्यामुळे तेवढ्याच कचऱ्यासाठी गाडीला डझनावारी थांबे घ्यावे लागतात. कचरा जमिनीत पुरण्याची जागा, म्हणजे भराव क्षेत्र, बहुधा वस्तीपासून दूर असल्याने वाटेत एका केंद्रावर लहान गाड्यांमधला माल मोठ्या ट्रकमध्ये ओतून पुढे न्यावा लागतो. इंधन, चालक, मजूर आणि गाडीची झीज या सगळ्यांचा हिशेब टनांत आणि किलोमीटरमध्ये होतो, आणि ओला भाग हे दोन्ही वाढवतो.

## ओले आणि सुके एकत्र आले की काय बिघडते?

वाहतुकीचा खर्च हा झाला नुकसानीचा एक भाग. मला अधिक गंभीर वाटते ते दुसरेच, कारण ते कुठल्याही बिलावर दिसत नाही. दोन रंगांचे दोरे दोन रिळांवर गुंडाळायला काही क्षण लागतात. तेच एकमेकांत गुंतल्यावर सोडवायला संध्याकाळ जाते आणि शेवटी काही भाग कापूनच टाकावा लागतो. कचऱ्याचेही तसेच होते. घरात वेगळा ठेवलेला कागद विकता येतो. तोच कागद अन्नाच्या पाण्यात भिजला, त्याच्या तंतूंमध्ये तेल शिरले आणि गाडीतल्या दाबयंत्राने तो काचेच्या तुकड्यांसह दाबला, की त्याला कुणी घेत नाही.

सुका कचरा ज्या कारखान्यात वेगवेगळा केला जातो, त्या विलगीकरण केंद्रात हे प्रत्यक्ष पाहायला मिळते. पट्ट्यावरून येणारा माल फिरत्या चकत्यांच्या रांगेवर चढतो. पुठ्ठा हलका आणि रुंद असल्याने वरून पुढे सरकतो, बाटल्या आणि डबे फटींतून खाली पडतात. त्यानंतर चुंबक लोखंड उचलतो, वेगाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र अॅल्युमिनियमला बाजूला उडवते आणि अवरक्त प्रकाशाचे यंत्र प्लास्टिकचे प्रकार ओळखते. पातळ पिशव्या मात्र त्या चकत्यांच्या दांड्यांभोवती गुंडाळत जातात. ठरावीक वेळाने सगळा पट्टा बंद करून कामगार यंत्रावर चढतात आणि हातातल्या सुरीने त्या पिशव्या कापून काढतात. काळ्या प्लास्टिकची वेगळीच अडचण असते: त्यातला काजळीचा रंग अवरक्त प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे यंत्राला ते दिसतच नाही. सुक्या कचऱ्याच्या पेटीत काय टाकावे आणि काय नाही याच्या ज्या याद्या चक्रावून टाकतात, त्यांतल्या निम्म्या सूचनांची मुळे अशा यांत्रिक कारणांत आहेत.

पालिका या बाबतीत अचानक कडक का झाल्या, याचे कारणही सांगायला हवे. अनेक वर्षे श्रीमंत देशांतला अर्धवट वेगळा केलेला कागद आणि प्लास्टिक जहाजांनी चीनला जात असे आणि तिथले मजूर तो निवडत. चीनने २०१८ च्या आरंभापासून अनेक प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद केली आणि उरलेल्या बहुतेक प्रकारांसाठी भेसळीची मर्यादा अवघी ०.५ टक्का ठेवली. ज्या मालाचे पैसे मिळत होते, तो उचलून नेण्यासाठी पालिकांना उलट पैसे मोजावे लागले. काही ठिकाणी वेगळा केलेला माल सरळ भराव क्षेत्रात गेला. तेव्हापासून पेटीतल्या स्वच्छतेला रोख किंमत आली.

## जमिनीत पुरले तर कुजून जाईलच ना?

अन्न कुजते हे खरे, पण कसे कुजते यावर सगळे अवलंबून आहे. हवा मिळाली तर सूक्ष्मजीव त्याचे खत करतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भराव क्षेत्रात कचरा थरावर थर दाबला जातो, हवा संपते आणि वेगळे जीवाणू काम हाती घेतात. त्यांच्या कामातून मिथेन हा वायू तयार होतो. वीस वर्षांच्या कालावधीत मोजले तर मिथेन वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट प्रभावी ठरतो. कचऱ्यातून झिरपणारे पाणी वाटेत जड धातू आणि इतर रसायने विरघळवत खाली उतरते. या काळ्या द्रवाला लिचेट म्हणतात. आधुनिक भराव क्षेत्राच्या तळाशी प्लास्टिक आणि चिकणमातीचे अस्तर घालून हा द्रव अडवावा लागतो, उपसावा लागतो आणि क्षेत्र बंद झाल्यावरही अनेक वर्षे शुद्ध करत राहावे लागते.

यावर नेहमीचा प्रतिवाद असा असतो की नव्या भराव क्षेत्रांत नळ्या घालून मिथेन गोळा केला जातो आणि त्यावर वीजही तयार होते. हे खरे आहे, मात्र वेळेचे गणित जमत नाही. लाकूड किंवा कागद अनेक वर्षे हळूहळू कुजतात. अन्न लगेच कुजू लागते. नळ्यांचे जाळे त्या थरापर्यंत पोहोचण्याआधीच अन्नातला बराच वायू निसटलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरी भराव क्षेत्रांतून वातावरणात निसटणाऱ्या मिथेनपैकी ५८ टक्के मिथेन पुरलेल्या अन्नामुळे असल्याचे आणि या अन्नातून तयार होणाऱ्या मिथेनपैकी ६१ टक्के पकडलाच जात नसल्याचे म्हटले आहे. छोट्या पेटीमागचे सर्वांत मोठे पर्यावरणीय कारण हेच आहे.

## मग जाळून वीज का करू नये?

कचरा जाळणाऱ्या प्रकल्पात मिथेनचा प्रश्न उरत नाही आणि जागाही वाचते. अडचण पुन्हा पाण्याची. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.३ मेगाज्यूल ऊर्जा लागते, आणि ती ऊर्जा त्याच कचऱ्यातल्या कागद-प्लास्टिकमधून खर्च होते. कचरा पूरक इंधनाशिवाय नीट जळायचा तर किलोमागे सरासरी सुमारे ७ मेगाज्यूल उष्णता मिळायला हवी, असे जागतिक बँकेच्या जुन्या मार्गदर्शिकेत सांगितलेले आहे. फार ओला कचरा ही पातळी गाठत नाही. ओला भाग वेगळा काढल्यावर कचरा चांगला जळतो, हे मान्यच करावे लागेल. पण तेव्हा जळणारी ऊर्जा मुख्यतः प्लास्टिकची, म्हणजे खनिज तेलाची असते. वर जाळलेल्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकी राख उरतेच, आणि धुराच्या गाळणीतून निघणारी बारीक राख घातक कचरा म्हणून वेगळी सांभाळावी लागते.

## ओला कचरा वेगळा झाल्यावर त्याचे काय करतात?

दोन वाटा आहेत. पहिली खताची. ढिगात कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असावे लागते. स्वयंपाकघरातला कचरा नत्राने भरलेला असतो, सुकी पाने आणि लाकडाचे तुकडे कार्बन पुरवतात. मोठ्या केंद्रांत ढिगाचे तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकवले जाते, त्यामुळे रोगजंतू आणि तणांचे बी मरते. घरच्या ढिगात हे तापमान बहुधा गाठले जात नाही, म्हणून तिथे मांस, हाडे आणि तेलकट पदार्थ न टाकण्याचा सल्ला देतात. ‘खत होणारे’ असे लिहिलेल्या पिशव्यांबद्दलही सावध राहिलेले बरे: त्यांपैकी अनेकांची चाचणी औद्योगिक केंद्रातल्या उष्णतेवर झालेली असते आणि घरच्या ढिगात त्या दीर्घकाळ तशाच राहतात.

दुसरी वाट बायोगॅसची. भराव क्षेत्रात जे अनियंत्रित घडते तेच इथे बंद टाकीत घडवले जाते आणि जवळजवळ सगळा वायू हाती लागतो. बाकी सर्वत्र उपद्रव ठरलेले पाणी इथे उपयोगी पडते, कारण जीवाणूंना पातळ रबडीच हवी असते. कोणती वाट योग्य हे स्थानिक परिस्थितीवर ठरते: बागांचा पाचोळा भरपूर असेल तर खत सोपे, अन्नाचे प्रमाण जास्त असेल तर बायोगॅस किफायतशीर.

उपनगरात तिसरी एक गोष्ट असते आणि ती सर्वांत स्वस्त आहे. कापलेल्या गवतात पाण्याचे प्रमाण स्वयंपाकघरातल्या कचऱ्याइतकेच असते, आणि गवत वाढण्याच्या हंगामात गाड्या त्यानेच भरतात. ते बारीक कापून हिरवळीवरच राहू दिले तर हिरवळीच्या नत्राच्या गरजेपैकी चतुर्थांशापर्यंत भाग त्यातून परत मिळू शकतो. आधी गवत पिशवीत भरून पालिकेच्या खर्चाने बाहेर पाठवायचे आणि मग त्याच हिरवळीसाठी खताची पोती विकत आणायची, हा उद्योग मला कधीच कळलेला नाही.

## मोठी गाडी कमी वेळा आली तर घाण होणार नाही का?

हा आक्षेप बहुतेक घरांतून येतो आणि त्याचे उत्तर बरेचसे सरळ आहे. दुर्गंधी, अळ्या आणि उंदीर यांचे मूळ ओल्या कचऱ्यात असते. तो दर आठवड्याला वेगळा जात असेल तर मागे उरतो तो प्रामुख्याने सुका माल. वेगळे काढता येण्याजोगे सगळे काढल्यावर जे शिल्लक राहते, त्याला उर्वरित कचरा म्हणतात. त्याची पेटी लवकर भरतही नाही. शिवाय जागा अपुरी पडू लागली की लोक वेगळे करण्याकडे अधिक लक्ष देतात, हा हेतूही पालिकेच्या मनात असतो, आणि तो तिने उघडपणे सांगायला हवा असे मला वाटते.

उत्तर बरेचसे सरळ आहे म्हटले, पूर्ण नव्हे. घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल तर वापरलेले लंगोट आणि पॅड उर्वरित कचऱ्यातच जातात, आणि पंधरा दिवस ते साठवणे हा खरोखरच जाच आहे. अशा घरांना जादा पेटी किंवा जादा फेरी देण्याची सोय ज्या योजनेत नाही ती योजना अर्धवट आहे.

## सगळे शेवटी एकाच गाडीत टाकतात, मग वेगळे कशाला करायचे?

आतून उभी भिंत घालून दोन कप्पे केलेल्या गाड्या अनेक ठिकाणी वापरात आहेत. बाहेरून त्या एकसारख्या दिसतात, त्यामुळे दोन्ही पेट्या एकाच गाडीत रित्या होताना पाहून कचरा मिसळला असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु काही वेळा संशय खराही असतो. एखाद्या गल्लीतला सुका माल फारच बिघडलेला असेल तर केंद्र अख्खी खेप नाकारते आणि ती पुरली किंवा जाळली जाते. दहा घरांनी नीट केलेले काम अकराव्या घराने वाया घालवलेले असते. कुठे कंत्राटदारच सोय पाहून मिसळतो. यावर विश्वासाने तोडगा निघत नाही, आकड्यांनी निघतो: प्रत्येक प्रकारचा किती माल गोळा झाला, त्यातला किती नाकारला गेला आणि उरलेला कुठल्या केंद्रात गेला, हे पालिकेला वजनकाट्याच्या नोंदींवरून सांगता येते.

बॅटरीची बाब मात्र कप्प्यांवर सोडून चालत नाही. लिथियमची बॅटरी कुठल्याही पेटीत गेली आणि गाडीच्या दाबयंत्राखाली चेपली गेली, की आतले थर एकमेकांना टेकतात, तापतात आणि भोवतालचा कागद पेट घेतो. अशा आगी गाड्यांत आणि विलगीकरण केंद्रांत दोन्हीकडे लागतात. खेळणी, कानात घालायचे ध्वनियंत्र, वाफेची सिगारेट यांत लपलेल्या छोट्या बॅटऱ्या यात येतात. त्या फक्त स्वतंत्र संकलनातच द्यायच्या.

## जितके टाकाल तितके भरा, हे न्याय्य आहे का?

पाण्याचे बिल अनेक ठिकाणी वापरानुसार येते, कचऱ्याचे मात्र बहुतेक ठिकाणी घरामागे सरसकट. त्यामुळे कमी टाकणारा जास्त टाकणाऱ्याचा खर्च उचलतो. दक्षिण कोरियाने १९९५ साली उर्वरित कचऱ्यासाठी शुल्क भरूनच मिळणाऱ्या पिशव्या देशभर सक्तीच्या केल्या. पुढे २००५ मध्ये अन्न थेट पुरण्यावर बंदी आली आणि अनेक वसाहतींत अन्नाचा कचरा वजन करून घेणारी यंत्रे बसली. तिथे पिशवी निथळून टाकण्याला लगेच अर्थ येतो, कारण पाण्याचेही पैसे पडतात. इटलीतील त्रेविझो परिसरात, जिथे छोटी शहरे आणि उपनगरी वस्ती पसरलेली आहे, उर्वरित कचऱ्याची पेटी किती वेळा रिकामी झाली यावर शुल्काचा एक भाग ठरतो आणि एकूण कचऱ्यापैकी ८५ टक्क्यांहून अधिक वेगळा गोळा होतो.

आक्षेप दोन घेतले जातात. मोठ्या आणि गरीब कुटुंबांवर बोजा पडतो, हा पहिला; तो रास्त आहे आणि माणसांच्या संख्येनुसार काही पिशव्या मोफत देऊन हलका करता येतो. शुल्क वाचवण्यासाठी लोक रस्त्याच्या कडेला कचरा टाकतील, हा दुसरा. सुरुवातीला असे घडू शकते, म्हणून वेगळे करण्याच्या सोयी आधी आणि शुल्क नंतर, हा क्रम पाळावा लागतो.

## कारखान्यांना सोडून घरांच्याच मागे का लागायचे?

बांधकाम, खाणी आणि उद्योग यांचा कचरा घरांच्या कचऱ्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतो, आणि वेष्टन कसे असावे हे गिऱ्हाईक ठरवत नाही. म्हणूनच जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांच्या संकलनाची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवर टाकली आणि पुढे अनेक देशांनी हे तत्त्व स्वीकारले. ते आणखी कडक व्हायला हवे. अन्नाच्या बाबतीत मात्र बोट दुसरीकडे दाखवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात विक्री आणि खाण्याच्या टप्प्यावर १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले ६० टक्के घरांमध्ये.

वेगळ्या पेटीचा एक दुष्परिणाम इथे नोंदवायला हवा. अन्न नीट वेगळे टाकले की कर्तव्य झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते पिकवायला, साठवायला आणि वाहायला लागलेली ऊर्जा खतातून परत येत नाही. पारदर्शक पेटीचा किंवा आठवड्यातून एकदा वजन करण्याचा फायदा असा, की नेमके काय वाया जाते ते दिसते.

## पालिकेची कामगिरी कशाने मोजायची?

पालिका सहसा पुनर्वापराची टक्केवारी जाहीर करतात. ही टक्केवारी फसवी ठरू शकते. एका उपनगराने जड काचेच्या बाटल्या भरपूर वापरल्या आणि सगळ्या वेगळ्या टाकल्या तर टक्केवारी चढते. दुसऱ्याने त्या बाटल्या विकतच घेतल्या नाहीत तर ती उतरते, जरी तिथला कचरा कमी झाला तरी. गवत हिरवळीवर राहू देणाऱ्या घरांचेही असेच नुकसान होते, कारण ते गवत कुठल्याच नोंदीत येत नाही. त्यापेक्षा दरडोई दरवर्षी किती किलो उर्वरित कचरा उरला हा आकडा खरा; बेल्जियममधील फ्लँडर्स प्रदेशाने स्थानिक संस्थांची उद्दिष्टे याच मापात ठरवली आहेत.

हा आकडा करारांमध्येही कामाचा असतो. जाळण्याचे प्रकल्प महाग असतात, त्यामुळे ते उभारणारी कंपनी पालिकेकडून वीस-पंचवीस वर्षांचा करार मागते आणि त्यात दरवर्षी किमान अमुक टन कचरा पुरवण्याची अट घालते. तेवढा माल आला नाही तरी पैसे भरावे लागतात. रहिवाशांनी ओला भाग वेगळा काढला, वेष्टने कमी झाली आणि उर्वरित कचरा निम्म्यावर आला, तर अशा कराराखाली पालिकेची बचत होत नाही. तिला रिकाम्या भट्टीचे भाडे भरावे लागते किंवा शेजारच्या गावांचा कचरा शोधत फिरावे लागते. असा प्रस्ताव सभेपुढे येईल तेव्हा त्यात धरलेले टन हे आजच्या मिश्र, ओल्या कचऱ्याचे आहेत की छोट्या पेटीनंतर उरणाऱ्या कचऱ्याचे, एवढी एक ओळ आधी तपासून पाहावी.